सतरा आणि बेचाळीस नंबरच्या कुंड्या

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे अख्ख्या खानापुरात माहीत आहे. बेंगळूरला येऊन चार वर्षं झाली, पण तो काही खाली उतरला नाही. म्हणून नागोजी अण्णांबद्दल सांगायला बसले की आधी कबुली देते: या माणसावर मी एकदा अशी काही ओरडलेय की दुसरा कुणी असता तर जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं.

नागोजी अण्णा आमच्या संशोधन केंद्रात काचघराचे मदतनीस. हुद्दा तेवढाच. राहायला चामराजपेटेत. त्यांचं मराठा घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. पहिल्या दिवशी मी कुणाशी तरी फोनवर तावातावाने बोलत काचघरात शिरले, तर हे झारी खाली ठेवून म्हणाले, "बेळगावकडच्या काय हो अक्का? स्वल्प हळू बोला, झाडं बिचकतात." मी फोन बंद केला. परक्या गावात कुणी मराठीत दटावलं की बरं वाटतं, हे तेव्हा कळलं.

त्यांचं काम काय, तर किडे पाळणं. हसू नका. सूत्रकृमी म्हणून एक जात असते, मातीत राहणारी. एक कृमी अर्ध्या मिलिमीटरएवढाही लांब नसतो, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तो वाटाण्याच्या कोवळ्या मुळात शिरतो आणि एका जागी बसतो. मग त्याची थुंकी त्या मुळाला काय सांगते देव जाणे, पण मुळातल्या साध्या पेशी फुगून फुगून शेकडो पट मोठ्या होतात, आणि झाडाने पानांत शिजवलेलं सगळं अन्न त्या पेशींत, तिथून त्याच्या तोंडात. पाहुण्याने यावं आणि यजमानाकडूनच घर बांधून घ्यावं, जेवणही तिथेच मागावं, तसला प्रकार. बाहेरून दिसतात त्या फक्त मुळावरच्या गाठी. मादी आत पांढऱ्या मोत्यासारखी गोल होते, पुन्हा कधी हलत नाही, आणि तिथेच तीन-चारशे अंडी घालते. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून तो मोती पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो.

अभ्यासासाठी हे कृमी जिवंत ठेवावे लागतात, म्हणून नागोजी अण्णा एकतीस वर्षं टोमॅटोच्या रोपांवर त्यांची पिढ्यान् पिढ्या जोपासना करत आले. एक झाड खंगलं की दुसरं. त्यांच्या बायकोला, सगुणाबाईंना, हे अजिबात पसंत नाही. संध्याकाळी घरी गेले की दारातच पाय धुवायचे, चप्पल बाहेर ठेवायची, आणि तिच्या तुळशीच्या वृंदावनापासून चार हात लांब राहायचं. "एकतीस वर्षांत तुळशीला पाणी घालू दिलं न्हाई बघा," असं ते सांगायचे, वर पुन्हा म्हणायचे, "बरोबर हाय तिचं. तिच्या जागी मी असतो तर मीपण घालू दिलं नसतं."

तर माझा प्रयोग वाटाण्याचा. त्यांच्या भाषेत बटाणीचा. साठ कुंड्या, प्रत्येकीत एक झाड. पंधरा कुंड्यांत कृमी शून्य, पंधरांत शंभर, पंधरांत हजार, पंधरांत दहा हजार. किती कृमींनी झाड किती खुरटतं, शेंगा किती कमी होतात, हे पाहायचं. पीएचडीचा हा शेवटचा प्रयोग होता आणि माझी फेलोशिप डिसेंबरात संपत होती. पुन्हा करायला वेळ नव्हता. कृमी मोजून मी पाणी तयार केलं, कुंड्यांत ओतलं नागोजी अण्णांनी. खोडाभोवती पेन्सिलीने चार भोकं पाडायची आणि थोडं थोडं सोडायचं. दरवेळी बाटली हलवायची, नाहीतर कृमी तळाला बसतात आणि शेवटच्या कुंडीला सगळे जातात. साठही कुंड्यांना त्यांनी बाटली हलवली, मी शेजारी उभी होते.

सहा आठवडे झाले आणि दसरा आला. इकडे आयुधपूजेचं प्रस्थ विचारू नका. पीण्या भागातल्या कारखान्यांतली यंत्रं, बस, रिक्षा, संगणक, सगळं धुऊन पुसून झेंडूच्या माळा. मी खंडेनवमीला खानापूरला गेले आणि शनिवारी सकाळी परत आले. पिशवी खांद्यावर तशीच घेऊन काचघरात गेले, तर नागोजी अण्णा दारात उभे, नवा शर्ट घालून.

"बघा अक्का, कसं लख्ख केलंय!"

साठच्या साठ कुंड्या घासूनपुसून चकचकीत. प्रत्येकीवर हळदकुंकवाचं बोट, प्रत्येकीपुढे झेंडूचं फूल. ओटे धुवायचे म्हणून सगळ्या खाली उतरवल्या होत्या आणि जमेल तशा परत मांडल्या होत्या. कुंड्यांवर मी लिहिलेला नंबर एकीवरही शिल्लक नव्हता.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "अडाणी" म्हणाले. "तुम्हाला त्या किड्यांशेजारीच बसवून ठेवायला हवं, माणसांत नको" असंही म्हणाले. एकतीस वर्षं पूजेसाठी कुंड्यांना हात न लावणारा माणूस यंदाच का लावतो, एवढं विचारायचंही सुचलं नाही. ते आपले खाली मान घालून उभे. शेवटी म्हणाले, "फेब्रुवारीत रिटायर होतोय. शेवटची पूजा माझी. दरसाल नुसत्या झारीला आणि खुरप्याला फूल वाहायचो. म्हटलं, आयुधं तर ह्या कुंड्याच की."

आणि खरं सांगायचं तर नंबर मी साध्या पेनाने टाकले होते. न पुसणारा पेन वाळला होता, नवा आणायचा कंटाळा केला. हे मला ओरडताना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच बहुतेक एवढी ओरडले.

माझ्या गाइड रंजिता मॅडम सोमवारी रजेवरून येणार होत्या. मी पायरीवर बसून रडायला लागले. नागोजी अण्णा आत गेले आणि झारी घेऊन आले. "अक्का, आता सगळ्यांना सारखं पाणी घालतो. दुपारी तीनला या. कुणाच्या पोटात काय हाय, झाडं सांगतील."

काय बडबडतोय हा माणूस, असं मनात म्हणत मी तीनला गेले. आणि त्यानंतरचे दोन तास मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ते एकेक कुंडी दोन्ही हातांनी उचलायचे आणि डोळे मिटायचे. "ही हलकी. सकाळचं पाणी पिऊन टाकलंय झाडानं. मुळं साफ असणार." दुसरी उचलायचे. "ही जड. माती ओली, पण वर पान बघा, मान टाकलीय. पाण्यात उभं राहून तहानलेलं. मुळाचं तोंडच बांधलंय हिच्या." मग खालची पानं बोटांनी उलटी करून पाहायचे, कितव्या पानापासून पिवळं पडलंय ते मोजायचे, पेराची लांबी वितीने नाही, नखाने मापायचे. मुळांना हात नाही, मातीत बोट नाही.

"आणि शून्य कुठलं न् शंभर कुठलं, ते कसं ओळखणार?" मी मुद्दाम खोचून विचारलं. शंभर कृमींनी झाडाला काही होत नाही, दिसणार काय कपाळ!

"ते अवघड," ते म्हणाले. "पण शंभरवालं कधीकधी शून्यापेक्षा जरा जोरात असतं. थोडं टोचलं की झाड चवताळतं. तुमच्यासारखं." एवढ्या रडारडीत मला हसू आलं.

रविवारी त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं आणि सगुणाबाईंच्या फुलांच्या टोपलीतला रंगीत दोरा आणून कुंड्यांना बांधला. शून्याला पांढरा, शंभरला पिवळा, हजारला हिरवा, दहा हजारला लाल. मी मोजलं. पांढरे सोळा, पिवळे सोळा, हिरवे पंधरा आणि लाल तेरा.

"अण्णा, लाल पंधरा पाहिजेत. दोन कमी पडतात. पांढऱ्यातली एक आणि पिवळ्यातली एक तिकडे सरकवा."

"न्हाई."

"अहो पण पंधराच ओतल्यात ना तुम्ही!"

"पंधराच ओतल्या. पण लाल दिसतात तेराच. आकडा जुळवायचा होता तर झाडाला विचारलं कशाला?" त्यांनी दोऱ्याची गुंडी खिशात टाकली.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. पेनाचंसुद्धा. त्यांनी रंगीत दोरे पाहिले, आणि मला वाटलं होतं तशा चिडल्या नाहीत. त्याहून वाईट, शांतपणे बोलल्या. "हर्षिता, चेहरा पडलेला बघून विद्यार्थी नापास ठरवायचा, आणि मग जगाला सांगायचं की बघा, नापास झालेल्यांचे चेहरे पडतात. याला विज्ञान म्हणतात का?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांचं बरोबरच होतं. नागोजी अण्णांना आमचं इंग्रजीतलं बोलणं नीट कळलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून ते समजले.

मग मॅडमनी चिमटा मागवला. एक कुंडी आडवी केली, खालच्या पाणी जायच्या भोकात चिमटा घातला आणि आतून एक निळी प्लॅस्टिकची पट्टी बाहेर ओढली. तिच्यावर कोरलेलं होतं: एकतीस. "कुंड्या भरताना मंजुनाथ प्रत्येकीच्या तळाशी एक टाकतो आणि त्याच क्रमाने ओट्यावर मांडतो, म्हणजे तुमचे नंबरही तेच पडतात. मीच सांगून ठेवलंय. वरच्या नंबरांवर माझा विश्वास नाही, मी विद्यार्थी असल्यापासून." मंजुनाथ कुंड्या भरायचा, आणि तो दसऱ्याला गावी गेलेला. आम्हा दोघांनाही याचा पत्ता नव्हता.

प्रयोग वाचला! मी आनंदाने ओरडणार होते, पण मॅडमनी हात वर केला. "थांब. आधी दोरे तपासू."

एकेक पट्टी निघत गेली. मी वहीतून नंबराचा डोस वाचायची, मॅडम दोरा पाहायच्या. बरोबर. बरोबर. बरोबर. दहा झाल्या तेव्हा मॅडम बसल्या होत्या, वीस झाल्या तेव्हा उठून उभ्या राहिल्या. साठातल्या त्रेपन्न बरोबर निघाल्या! पाच चुकल्या त्या शून्य-शंभराच्या घोळात, आणि तिथे तर यंत्रंही चुकतात. अहो, डोळ्यांना न दिसणारा जीव, तोही मातीखाली, मुळाच्या आत बसलेला, आणि हा माणूस कुंडी हातात घेऊन सांगतो आत किती आहेत! मी शनिवारी काय बोलले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली.

राहिल्या दोन. सतरा आणि बेचाळीस. वहीत दहा हजार, दोरा पांढरा.

मॅडमनी ती झाडं पाहिली. हिरवीगार, शेंगांनी लगडलेली. "यांत डोस पडलाच नाही," त्या म्हणाल्या आणि रजिस्टरमध्ये दोन्ही नंबरांपुढे लाल शाईने इंग्रजीत लिहिलं की डोस चुकला, कुंड्या प्रयोगातून वगळल्या.

"मॅडम, मी ओतलंय," नागोजी अण्णा म्हणाले.

"नागोजी, साठ कुंड्यांत दोन विसरणं काही मोठं नाही."

"मी ओतलंय. बाटली हलवून ओतलंय." शनिवारी मी एवढं बोलले तेव्हा खाली मान घालून उभा राहिलेला माणूस आता मॅडमच्या समोर येऊन उभा राहिला. "कुंड्या पुसल्या ती माझी चूक. ती शंभरदा कबूल. पण हात चुकला न्हाई माझा. एकतीस वर्षांत चुकला न्हाई."

मी शेजारी उभी होते, तेव्हाही आणि ओततानाही. "हो, मी पाहिलंय" एवढं म्हणायला पाहिजे होतं. पण दोन वेडे आकडे गाळले की माझा आलेख कसा देखणा येत होता! मी गप्प राहिले. त्या गप्प बसण्याची लाज मला ओरडण्यापेक्षा जास्त वाटते.

त्या आठवड्यात अठ्ठावन्न झाडं उपटली. नागोजी अण्णांनी टबात पाण्याखाली मुळं धुतली, आणि एकेक बाहेर काढून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरली. शून्याची मुळं लांब, केसांसारखी, त्यांवर गुलाबी दाणे. ते दाणे झाडाच्या फायद्याचे, हवेतला नत्र धरून देणारे, अंगठ्याने चोळले की सुटून येतात. दहा हजारांची मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी. तिथे काही सुटत नाही, मूळच सुजलेलं असतं. गुलाबी दाणे जवळजवळ नाहीतच. शेंगा एका झाडाला दोन, त्याही पोचट. एवढासा, डोळ्यांना न दिसणारा जीव आणि अख्खं झाड बसवतो, या विचाराने मी दरवेळी थबकत होते.

सतरा आणि बेचाळीस मात्र उपटली गेली नाहीत. वगळलेली झाडं कोण धुणार? ती ओट्याच्या कोपऱ्यात राहिली. नागोजी अण्णांनी त्यांना काठ्या लावल्या, पाणी घातलं, शेंगा झाडावरच वाळू दिल्या. नोव्हेंबरात त्यांनी मला हाक मारली. दोन्ही झाडांची मुळं धुऊन ट्रेमध्ये ठेवली होती. लांब, केसांसारखी, साफ.

"म्हणजे मॅडमचंच खरं," मी जड मनाने म्हणाले. "आत कृमी गेलेच नाहीत."

"किंवा गेले, आणि मुळानं घर बांधून दिलं न्हाई." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "चव्वेचाळीस दाणे हायत. बी गावरान होतं ना, चिक्कबळ्ळापूरच्या शेतकऱ्याकडचं? सरमिसळ असतं त्यात. पेरून बघा. डोस मॅडमनी स्वतः मोजावा, आणि ओतताना समोर उभं राहावं. एवढंच माझ्यासाठी करा अक्का. मी चुकलो असं त्या वहीत ठेवून मला घरी जायचं न्हाई."

या वेळी मी गप्प बसले नाही. मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की त्या दिवशी डोस ओतताना मी पाहिलं होतं, आणि माझ्या आलेखासाठी मी ते बोलले नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पेरा."

चोवीस दाणे पेरले, वीस उगवले. सोबत तुलनेला पाच साधी रोपं. मॅडमनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली कृमी मोजले, दर कुंडीला दहा हजार. नागोजी अण्णांनी भोकं पाडली, बाटली हलवली, ओतलं. मॅडम हाताची घडी घालून शेवटच्या कुंडीपर्यंत उभ्या होत्या.

माझी फेलोशिप संपली होती, तरी मी थांबले होते. फेब्रुवारीत नागोजी अण्णांच्या नोकरीचे शेवटचे आठ दिवस उरले होते तेव्हा मुळं धुवायला काढली. आधी साधी पाच. पाचही गाठींनी भरलेली. मग सतरा-बेचाळीसची पोरं. पहिलं मूळ नागोजी अण्णांनी पाण्याखाली धरलं, माती सुटत गेली, आणि खालून नुसतं पांढरं लांब मूळ आलं. एकही गाठ नाही. दुसरं साफ. तिसऱ्यावर गाठी. चौथं साफ. वीसपैकी चौदा साफ निघाली!

मॅडमनी त्यातल्या एका साफ मुळाचं टोक कापलं, लाल रंगात उकळलं, काचेवर दाबलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कितीतरी वेळ त्या तशाच होत्या. मग उठून नागोजी अण्णांना जागा दिली. त्यांच्यानंतर मी पाहिलं. मुळाच्या आत लाल धाग्यांची गर्दी. कृमी शेकडोंनी आत गेले होते. पण एकही फुगला नव्हता, एकाचाही मोती झाला नव्हता. त्यांच्या तोंडापाशी मुळाच्या पेशी काळ्या पडून मेल्या होत्या. मुळाने आपलाच तेवढा भाग मारून टाकला होता आणि त्यांना उपाशी ठेवलं होतं. सुईच्या टोकाएवढ्या जागेत हे सगळं घडून गेलं होतं, आणि वरचं झाड फुलांवर आलेलं होतं.

"एकतीस वर्षं मी ह्यांना मुळं चारली," नागोजी अण्णा हळूच म्हणाले. "मूळ नको म्हणालेलं पहिल्यांदाच बघतोय."

मॅडमनी रजिस्टर मागितलं. ऑक्टोबरचं पान उघडलं आणि सतरा नि बेचाळीसपुढची लाल ओळ खोडली. त्या रजिस्टरमध्ये सगळं इंग्रजीत असतं, दुसरं काही लिहायची पद्धतच नाही. नागोजी अण्णांना इंग्रजी येत नाही. मॅडमनी त्या खोडलेल्या ओळीखाली कन्नडमध्ये, सुटं सुटं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, सही केली आणि रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी ओले हात शर्टाला पुसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अक्षरांखाली बोट फिरवत त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली: "या दोन्ही कुंड्यांत नागोजींनी डोस बरोबर घातला होता. चूक माझी होती."